मागे वळून पाहणारी गोष्ट

माघ महिन्यातील एका रविवारी सकाळी एक मुलगा आपल्या आजोबांबरोबर मानखुर्द स्थानकावर उभा होता. दोघांना वाशीस आत्याकडे जावयाचे होते. पनवेलकडे जाणारी गाडी आली. सुटीचा दिवस असल्यामुळे डब्यात फारशी गर्दी नव्हती. मुलाने धावत जाऊन खिडकीजवळची जागा पकडली आणि आजोबा त्याच्या शेजारी बसले.

मानखुर्द सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी ठाण्याच्या खाडीवरील पुलावर आली. ओहोटीची वेळ होती. पाणी दूर सरले होते व काळ्या चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडले होते. त्या चिखलात शेकडो गुलाबी रोहित पक्षी माना खाली घालून आपले भक्ष्य टिपत होते. मुलगा ते दृश्य पाहण्यात गुंग झाला. आजोबांनाही ते दाखवावे म्हणून त्याने मागे वळून पाहिले, तो आजोबा उठून उभे राहिलेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली होती, डोळे मिटले होते आणि दोन्ही हात जोडले होते.

तेथे देऊळ नव्हते की मूर्ती नव्हती. समोरच्या बाकावरील दोन तरुण एकमेकांकडे पाहून हसले. मुलाला अतिशय लाज वाटली. आजोबांच्या सदऱ्याचे टोक ओढून तो हळूच म्हणाला, "आजोबा, बसा ना! लोक हसताहेत. इथे कुठे देव आहे?"

आजोबांनी डोळे उघडले. ते खाली बसले आणि खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "बाळ, एके काळी हा चिखल मला पाच तास अडवून बसला होता."

त्या वेळी खाडीवर पूल झाला नव्हता. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि त्यांचे घर पलीकडच्या तीरावर होते. त्यांच्या आईला ताप आला होता व तीन दिवस झाले तरी तो उतरला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळच्या भरतीबरोबर ते होडीने अलीकडे आले. चेंबूरपर्यंत पायी जाऊन त्यांनी डॉक्टरांकडून औषध घेतले. काचेची बाटली, आत तांबूस औषध आणि बाहेरून मात्रा दाखविणारी कातरलेली कागदी पट्टी. ती बाटली छातीशी धरून ते भर दुपारी किनाऱ्यावर परतले, तो पाणी ओसरलेले आणि होडी चिखलात कलंडलेली. ठाण्याला वळसा घालून जावे, तर खिशात पैसा उरला नव्हता. "भरती येईपर्यंत होडी हलायची नाही," होडीवाला म्हणाला. त्यांना ते ऐकवेना. ते तसेच चिखलात शिरले. दहा पावलांतच गुडघ्यापर्यंत रुतले. होडीवाल्याने त्यांना ओढून बाहेर काढले व काठावर बसविले. मग पाच तास ते पाण्याकडे पाहत बसून राहिले. पलीकडची झाडे दिसत होती, घराच्या बाजूचा धूर दिसत होता. पण जाता येत नव्हते. दिवेलागणीला ते घरी पोहोचले. आई जागी होती. तिने मुलाचे चिखलाने भरलेले पाय पाहिले आणि काही न बोलता औषधासाठी हात पुढे केला. त्यानंतर चार दिवसांनी ताप उतरला.

पुढे 1973 साली खाडीवर मोटारींसाठी पूल झाला. आजोबा आईला मुद्दाम तो पूल दाखवावयास घेऊन गेले. पुलाच्या मध्यावर ती थांबली. तिने कठड्यावरून वाकून खालच्या चिखलाकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले आणि हात जोडले. 1992 साली आगगाडी मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीस जाऊ लागली. आई तेव्हा राहिली नव्हती. तेव्हापासून तिच्या वाटचा नमस्कार आजोबा करीत आले होते.

गाडीचा वेग मंदावला. वाशी स्थानक आले होते. मुलगा काही बोलला नाही. संध्याकाळी परतीच्या गाडीत मात्र त्याने खिडकीची जागा आजोबांना दिली; आणि पूल लागताच, समोर कोण बसले आहे हे न पाहता, तोही उठून उभा राहिला.

ही गोष्ट येथे संपली. आता ती कशी सांगितली आहे, याचा विचार करू.

या गोष्टीतील घटना ज्या क्रमाने घडल्या, तो क्रम लावून पाहा. प्रथम आईचा ताप, नंतर औषध, ओहोटी, पाच तासांची प्रतीक्षा. त्यानंतर मोटारींचा पूल, आगगाडीचा पूल. आणि सर्वांत शेवटी मुलाचा आजोबांबरोबरचा प्रवास. पण सांगताना शेवटची घटना आधी आली आहे. गोष्ट आजच्या रविवारी सुरू झाली, तेथून पन्नासाहून अधिक वर्षे मागे गेली आणि पुन्हा आजच्या गाडीत परत आली. चालू घटना मध्येच थांबवून पूर्वी घडलेली घटना वाचकांपुढे उभी करावयाची आणि मग पुन्हा चालू घटनेकडे यावयाचे, या रीतीला इंग्रजी नावानेच 'फ्लॅशबॅक' असे म्हटले जाते. मराठीत तिला 'पूर्वदृश्य' किंवा 'पूर्वस्मरण' म्हणता येईल. सिंह चालता चालता थांबतो, मान वळवून आपण मागे टाकलेली वाट पाहतो आणि मग पुढे जातो, अशी जुनी समजूत आहे. तिच्यावरून आपल्या भाषेत 'सिंहावलोकन' हा सुंदर शब्द आला. पूर्वदृश्यही एका अर्थी कथेचे सिंहावलोकनच असते. कारण मागे पाहणारा सिंह मागे परत जात नाही, पुढेच जातो.

क्रम असा का बदलावयाचा? सरळ सांगितले असते तर काय बिघडले असते? सरळ सांगितल्यास गोष्ट खोटी ठरत नाही; परंतु वाचकाच्या मनात प्रश्न उरत नाही. आईचा ताप, ओहोटी व पूल यांची हकीकत आधीच कळली असती, तर आजोबांनी हात जोडलेले पाहून कोणालाच नवल वाटले नसते. आपणही मुलाबरोबर लाजलो नसतो. येथे आधी नमस्कार दिसतो, मागाहून त्याचे कारण कळते. आणि कारण कळताच, क्षणापूर्वी जे हसण्यासारखे वाटले तेच आदरणीय वाटू लागते. आजोबांनी काही नवीन केले नाही. बदल झाला तो मुलाच्या आणि आपल्या दृष्टीत. पूर्वदृश्याचे खरे सामर्थ्य यात आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाडीला पूल ओलांडावयास दोन-तीन मिनिटे पुरतात. तेवढ्या प्रवासात पाच तासांची प्रतीक्षा आणि पन्नास वर्षांचे आयुष्य सामावले. घड्याळाचा काळ एका चालीने जातो. कथेतील काळ सांगणाऱ्याच्या हाती असतो. तो पाच तास एका वाक्यात सांगू शकतो आणि एक क्षण अख्ख्या पानावर पसरू शकतो. जेथे मन गुंतलेले असते तेथे कथा थांबते. जेथे ते गुंतलेले नसते तेथून ती झरझर निघून जाते.

पूर्वदृश्याला आत जाण्यासाठी दार लागते. विनाकारण भूतकाळात उडी मारली, तर वाचक गोंधळतो. एखादी वस्तू, एखादा वास, एखादा आवाज किंवा कोणी विचारलेला प्रश्न हे दाराचे काम करतात. वरील गोष्टीत मुलाचा प्रश्न आणि खिडकीबाहेरचा चिखल ही दोन्ही दारे आहेत. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकात हे काम अंगठी करते. शापामुळे दुष्यंत राजा शकुंतलेला विसरतो. तिच्या बोटातून पाण्यात पडलेली अंगठी एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडते. ती राजापुढे येताच त्याला सर्व काही आठवते आणि तो पश्चात्तापाने होरपळून निघतो. एवढीशी वस्तू, पण तिच्यात सबंध भूतकाळ दडलेला असतो. प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वस्तू असते: जुनी पेटी, आजीचा अडकित्ता, भिंतीवरचे पिवळे पडलेले छायाचित्र. त्या वस्तूविषयी विचारले की गोष्ट आपोआप मागे जाते.

दारातून आत गेल्यावर आपण कोणत्या काळात आहोत, हे वाचकाला कळले पाहिजे. हे काम भाषा करते. 'पूल झाला नव्हता', 'ताप आला होता', 'उतरला नव्हता' ही क्रियापदे पाहा. हा पूर्ण भूतकाळ होय. तो वाचकाला सांगतो की आता आपण चालू घटनेच्याही मागे आलो आहोत. एकदा ही खूण पटली, की प्रत्येक वाक्यात 'होता, होती, होते' आणण्याची गरज उरत नाही. पुढे 'आले', 'घेतले', 'शिरले', 'रुतले' असा साधा भूतकाळ चालतो आणि ती जुनी घटना डोळ्यांसमोर घडत असल्यासारखी वाटते. पूर्वी नेहमी घडणारी गोष्ट सांगावयाची असेल, तर मराठीत रीतिभूतकाळ फार उपयोगी पडतो. 'आई पहाटे उठे, जात्यावर बसे आणि ओव्या म्हणे' या वाक्यात एका दिवसाची हकीकत नाही; वर्षानुवर्षांच्या पहाटा आहेत.

आत जाण्यासाठी जसे दार लागते, तसे परत येण्यासाठीही लागते. 'गाडीचा वेग मंदावला' हे छोटेसे वाक्य वाचकाला पुन्हा आजच्या डब्यात आणून बसविते. परत येणे राहून गेले, तर गोष्ट अर्ध्या वाटेवर हरवल्यासारखी होते. शिवाय, परत आल्यावर काहीतरी बदललेले दिसले पाहिजे. मुलाने खिडकीची जागा आजोबांना दिली. तसे घडले नसते, तर मागे जाऊन काय मिळाले, असा प्रश्न वाचकाने विचारला असता.

मराठीत या रीतीचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे साने गुरुजींचे 'श्यामची आई'. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचा जन्म 1899 साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. 1933 सालच्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी हे पुस्तक लिहिले. बाहेर उंच भिंती व पहारा. आत कागदावर मात्र कोकणातील अंगण, तुळस आणि आई.

या पुस्तकाची रचना पाहा. श्याम मोठा झालेला आहे. तो एका आश्रमात आपल्या सोबत्यांबरोबर राहतो. रात्री प्रार्थना झाल्यावर सर्वजण भोवती बसतात आणि श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणूनच पुस्तकातील प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे. अशा 42 रात्री आहेत. प्रत्येक रात्री आश्रमात दिवा लागतो आणि प्रत्येक रात्री गोष्ट मागे, श्यामच्या बालपणात जाते.

पहिल्या रात्रीची आठवण वटसावित्रीच्या व्रताची आहे. श्यामची आई तापाने अशक्त झालेली असते. वडाला प्रदक्षिणा घालण्याचे बळ तिच्या अंगी नसते. आपल्या वतीने श्यामने त्या घालाव्यात, असे ती सांगते. श्यामला लाज वाटते. वडाजवळ बायका जमलेल्या असणार, मुले हसणार, मग जावयाचे कसे? तेव्हा चांगले काम करताना लाज धरू नये, असे आई त्याला समजावते. श्याम जातो. आगगाडीतील मुलाची लाज आणि श्यामची लाज ही एकाच जातीची आहे. लोक काय म्हणतील, ही भीती सर्व काळातील मुलांना सारखीच छळते.

हीच गोष्ट लहानग्या श्यामने त्याच दिवशी सांगितली असती, तर ती कशी झाली असती? "आज आईने मला बायकांत जावयास लावले," एवढीच तक्रार तिच्यात असती. परंतु सांगणारा श्याम मोठा आहे. आई आता या जगात नाही. तिच्या अंतकाळी श्याम शिक्षणासाठी दूर होता. तो येईपर्यंत आई निघून गेली होती. हे सर्व त्याला ठाऊक आहे. त्यामुळे या पुस्तकात एकाच वेळी दोन श्याम असतात. एक हट्ट करणारा, लाजणारा, चुकणारा लहान श्याम. दुसरा त्या लहान श्यामकडे भरल्या डोळ्यांनी पाहणारा मोठा श्याम. पोहावयास जावे लागू नये म्हणून लहान श्याम माळ्यावर लपतो, आई त्याला मारते, आणि तो पोहून घरी आल्यावर तीच आई त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते. मार लहान श्यामला लागला. आईची माया पूर्णपणे कळली ती मोठ्या श्यामला. मधली वर्षे गेल्यावाचून ती कळणे शक्य नव्हते. म्हणून ही कथा मागे वळूनच सांगावी लागली. 1953 साली आचार्य अत्रे यांनी याच पुस्तकावरून चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले.

मागे वळून सांगण्याची ही रीत नवीन आहे, असे मात्र समजू नये. महाभारताची कथा जनमेजय राजाला वैशंपायनाने सांगितली. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. त्याच्या वडिलांचा, परीक्षित राजाचा, तक्षक नागाच्या दंशाने मृत्यू झाला होता. सूडाने पेटून जनमेजयाने सर्पांचा संहार करणारे सत्र मांडले होते. त्या प्रसंगी त्याने आपल्या पूर्वजांची कथा ऐकली. ती कथा तरी कशाची? सुडातून सूड वाढत जाऊन सबंध कुळाचा नाश कसा झाला, याची. पुढे आस्तिकाच्या विनंतीवरून ते सर्पसत्र थांबले. सूड घेणाऱ्याने सूडाची कथा ऐकावी, यापेक्षा योग्य वेळ पूर्वकथेला कोणती मिळणार?

भवभूती हा संस्कृत नाटककार आठव्या शतकात होऊन गेला. त्याचे घराणे विदर्भातील पद्मपूरचे. गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर तेच, असे अनेक विद्वान मानतात. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्याच अंकात एक अपूर्व प्रसंग आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच आयुष्याची चित्रे पाहत आहेत. मिथिलेतील विवाह, वनवास, पंचवटी अशी एकेक चित्रे पुढे येतात. शूर्पणखेचे चित्र पाहताच सीता घाबरते आणि हे केवळ चित्र आहे, असे रामाला तिला सांगावे लागते. वनातील चित्रे पाहून, ती वने आणि भागीरथी पुन्हा एकदा पाहावी, अशी इच्छा तिच्या मनात उत्पन्न होते. थोड्याच वेळात लोकापवादाची वार्ता येते, राम तिचा त्याग करण्याचे ठरवितो, आणि तिची ती निष्पाप इच्छाच तिला वनात नेण्याचे निमित्त होते. या ठिकाणी पूर्वदृश्य नुसती आठवण करून देऊन थांबत नाही. पुढची घटना त्यातूनच जन्म घेते.

ग्रीस देशात होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यातही हीच युक्ती आढळते. युद्धानंतर घरी परतावयास निघालेला ओडिसियस दहा वर्षे समुद्रावर भटकतो. परंतु काव्याचा आरंभ त्या भटकंतीच्या अखेरीस होतो. एका परक्या राजाच्या सभेत एक गायक त्याच युद्धाचे गीत गातो. अनोळखी पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. राजा कारण विचारतो, आणि तेव्हा ओडिसियस आपले नाव सांगून साऱ्या संकटांची कथा सांगतो. गीत आणि अश्रू हेच तेथील दार होय.

चित्रपटात ही रीत डोळ्यांना दिसते. एखाद्या वृद्धेचा चेहरा जवळ येतो, हळूहळू पुसट होतो आणि त्या जागी तिचे तारुण्य दिसू लागते. मेहबूब खान यांच्या 1957 सालच्या 'मदर इंडिया' या हिंदी चित्रपटात म्हाताऱ्या राधेला गावच्या कालव्याचे उद्घाटन करावयास बोलावितात. तिच्या गळ्यात हार घातला जातो. त्या फुलांच्या वासाबरोबर तिला आपले लग्न आठवते आणि तिचे सारे कष्टमय जीवन आपल्यापुढे उलगडते. शेवटी पुन्हा तोच कालवा दिसतो. आरंभी कालवा नुसता कालवा असतो. शेवटी त्या पाण्याची किंमत किती माणसांनी कशी दिली, हे आपल्याला कळलेले असते.

तथापि, आठवण नेहमी खरीच असते काय? जपानमधील दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी 1950 साली 'राशोमोन' हा चित्रपट काढला. वनात एका माणसाचा मृत्यू झाला आहे. ती हकीकत चौघेजण सांगतात आणि प्रत्येकाचे पूर्वदृश्य निराळे असते. प्रत्येकजण आपल्याला सोयीचे तेवढे आठवतो. शाळेच्या मैदानावर दोन मुलांचे भांडण झाले, तर गुरुजींपुढे दोन निराळ्या हकिकती येतात, हा तर सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून पूर्वदृश्य वाचताना एक प्रश्न मनाशी विचारावा: ही आठवण कोणाची आहे? श्यामच्या आठवणींवर आपला विश्वास बसतो, कारण तो स्वतःच्या चुका झाकीत नाही.

ही रीत वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. जी गोष्ट सरळ सांगूनही रंगते, ती उगाच उलटी करू नये. आजचा प्रसंग वाचकाच्या मनात रुजण्यापूर्वीच मागे जाऊ नये. एका पूर्वदृश्यात दुसरे आणि त्यात तिसरे घालू नये. त्यामुळे वाचकाचा हात सुटतो. आणि मागे जाऊन आणलेली माहिती आजच्या प्रसंगाला उपयोगी पडणारी असावी. विहिरीत पोहरा सोडावयाचा तो पाणी आणण्यासाठी. रिकामा पोहरा वर आला, तर श्रम वाया गेले.

ही झाली लिहिण्याची रीत. तिच्यातून जगण्याचीही एक रीत शिकता येते. आपल्याभोवतीची माणसे आपल्याला गोष्टीच्या मध्यावर भेटतात. शेजारच्या काकू इतक्या चिडतात का, वर्गातील एखादा मुलगा डब्याच्या सुटीत एकटाच का बसतो, आजी शिळी भाकरी टाकू का देत नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. त्यांच्या आयुष्याची आधीची पाने आपण वाचलेली नसतात. हसण्यापूर्वी किंवा रागावण्यापूर्वी एक प्रश्न विचारला, तर ती पाने उघडतात. आगगाडीतील त्या मुलाने चिडून का होईना, पण प्रश्न विचारला. त्याने तो विचारला नसता, तर पुलावरून रोज हजारो माणसे जातात तसा तोही गेला असता आणि त्या चिखलात पाच तास बसलेला सोळा वर्षांचा मुलगा त्याला कधीच भेटला नसता.

अभ्यास

1. मुलाला गाडीत लाज का वाटली? परतीच्या प्रवासात त्याच्या वागण्यात कोणता बदल झाला व तो का झाला?

2. खाडीकाठच्या गोष्टीतील सर्व घटना त्या घडल्या त्या क्रमाने लिहा. नंतर त्या सांगितल्या त्या क्रमाने लिहा. कोणता क्रम तुम्हांला अधिक परिणामकारक वाटतो? कारणे द्या.

3. 'या पुस्तकात एकाच वेळी दोन श्याम असतात', या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

4. पुढील प्रत्येक कथेत पूर्वकाळात नेणारे 'दार' कोणते, ते लिहा: अभिज्ञानशाकुंतल, उत्तररामचरित, ओडिसी, मदर इंडिया.

5. पुढील वाक्यांतील क्रियापदांचा काळ ओळखा: (अ) पाऊस थांबला होता. (आ) आजोबा रोज संध्याकाळी खाडीवर जात. (इ) होडी काठाला लागली.

6. 'सिंहावलोकन' या शब्दाचा अर्थ सांगून त्याचा वाक्यात उपयोग करा.

7. घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. वडील माणसांना तिची हकीकत विचारा. आजच्या प्रसंगापासून आरंभ करून, मागे जाऊन आणि पुन्हा आजच्या प्रसंगाकडे येऊन, तीस ओळींत ती गोष्ट लिहा. परत आल्यावर काय बदलले, हे शेवटी दिसू द्या.